बरेज्याबाहेरचा दगड

अभिलाषाने वाकून त्या सँडल उचलल्या आणि पुन्हा होत्या तशाच ठेवल्या. गुलाबी, पट्ट्यावर फुलपाखरू असलेल्या, एकमेकींना चिकटवून ठेवलेल्या. ग्वाल्हेरच्या घरात कुहूची एक सँडल दाराशी सापडायची आणि दुसरी पलंगाखाली. इथे बरेज्याच्या दारात मात्र तिने त्या देवळाबाहेर काढाव्यात तशा नीट काढल्या होत्या.

"कुहू," तिने हाक मारली. मोठ्याने मारायची हिंमत झाली नाही.

आतून काही उत्तर आलं नाही. दाराची गवती ताटी अर्धवट सरकलेली होती आणि फटीतून ओल्या मातीचा, आंबलेल्या पेंडीचा वास येत होता. बरेजा म्हणजे विड्याच्या पानांचा, नागवेलीचा मळा, चारी बाजूंनी बांबू-गवताच्या भिंतींनी आणि वरून गवताच्याच छपराने बंद केलेला. बाहेरून बघणाऱ्याला एखादं लांबलचक, बुटकं घर वाटावं. आज नागपंचमी. आतल्या नागाला दूध दाखवायला सगळं घर इथे जमलं होतं, आणि ज्या अंधारात नाग असतो म्हणून दूध आणायचं त्या अंधारात तिची पाच वर्षांची पोर एकटी शिरली होती.

अभिलाषाने पाय उचलला, उंबऱ्याच्या आडव्या बांबूवर नेला आणि तिथेच थांबवला.

या बांबूपलीकडे बाईचं पाऊल पडत नसे. पिपरौनी गावातल्या बाकीच्या बरेज्यांतून आता लेकीसुना पानं खुडायला जात, पण या घरात नाही. बब्बांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी घातलेली रीत होती. बब्बांना जाऊन चोवीस वर्षं झाली तरी ती कुणी हलवली नव्हती. आणि तरीही हा बांबू आपण एकदा ओलांडला आहे, असं तिच्या तळव्याला वाटलं. डोक्याला नाही, तळव्यालाच.

"तिथं काय खांबासारखी उभी आहेस?"

दुधाचा लोटा घेऊन रामसेवक कक्का येत होते, तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ. बरेजा आता तेच बघत. अभिलाषाने काही बोलायच्या आत त्यांची नजर सँडलवर गेली, आणि त्याच क्षणी ताटीच्या फटीतून कुहू बाहेर आली. गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत गवताची काडी.

"मम्मी, तू सांगतेस तस्संच आहे! हिरवा उजेड आहे आत. आणि मी एकदापण बोलले नाही. बोलायचं नसतं ना आत?"

महुवाच्या झाडाखाली नैवेद्य मांडणारी काकी हसली. "कुणी सांगितलं गं तुला, बोलायचं नसतं? तुझे हे नाना आत शिरले की अशी भजनं लावतात, बाहेर आमची म्हैस पान्हा चोरते!"

कक्का हसले नाहीत. कालच, मायलेकी बसमधून उतरल्या तेव्हा, त्यांनी सगळ्यांदेखत वाकून कुहूच्या पायांना हात लावला होता. घरच्या लेकीच्या लेकीचे पाय धरायचे ही या मुलखाची पद्धत. आता ते त्याच पायांकडे बघत होते.

"आत जायला कुणी सांगितलं, बिटिया?"

"कुणी नाही. मम्मीपण गेली होती, लहान असताना. तिच्या बब्बांबरोबर."

काकीच्या हातातली पुरी परातीत पडली. झाडाच्या बुंध्याशी रामकली बुआ, कक्कांची थोरली बहीण, वाती वळत बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

"असं?" कक्का म्हणाले. "आम्हाला नाही कुणी सांगितलं ते. आम्ही आपले अडाणी, नियम पाळत बसलो."

"कक्का, ती लहान आहे—"

"ती लहान आहे. तू कुठे लहान आहेस?" त्यांनी लोटा खाली ठेवला. "त्या साली वेलींच्या बत्तीस ओळी होत्या, बिन्नू. याच महिन्यात, आठ दिवसांत काळ्या पडून सगळ्या बसल्या. कुणाचं तरी नको ते पाऊल पडलं, म्हणून गाव दारात येऊन बोलून गेलं. बब्बा मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटच्या दिवसापर्यंत बरेज्यात जाणारा माणूस, माघसुद्धा बघितला नाही त्याने. आणि आज ही पोर सांगते की ते पाऊल त्यांनी स्वतः नेलं होतं?"

अभिलाषाने कुहूच्या केसांतली गवताची काडी काढली.

"हात ठेव पोरीच्या डोक्यावर," कक्का म्हणाले, "आणि सांग. नेलं होतं बब्बांनी तुला आत?"

"सणासुदीचं हे काय काढलंत?" काकी पुटपुटली.

"ठेव हात."

कुहूनेच आईचा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. तिला हा खेळ वाटला. तिचे केस उन्हाने तापले होते. अभिलाषाला त्या केसांखालची कवटी जाणवली, अजून किती लहान आहे ती.

"नाही," ती म्हणाली. "बब्बांनी मला कधीही आत नेलं नाही."

"पण मम्मी—"

"ती गोष्ट होती, कुहू. झोपताना सांगतात तसली."

कुहूने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग हळूच तिच्या हाताखालून डोकं काढून घेतलं.

*

पूजा झाली. कक्कांनी आत जाऊन नागाला दूध ठेवलं, चार कोपऱ्यांत हळदीचं पाणी शिंपडलं. बायकांनी बाहेरून हात जोडले. दुपारी जेवणं झाली, आणि तोवर अभिलाषाने कुहूचं कपाळ सहा वेळा चाचपलं होतं. पर्समध्ये थर्मामीटर होतं, ते तीनदा लावून झालं. तिन्ही वेळा अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. कुहू एकदा शिंकली, तेव्हा ते चौथ्यांदा बाहेर निघालं.

ती वनस्पतिशास्त्राची पदवीधर होती. वेलीचं बूड कुजवणारी ती बुरशी, तिचे पाण्यात पोहणारे बीजाणू, सगळं तिने परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं आणि बारापैकी अकरा गुण मिळवले होते. पावसाचं पाणी सरीत साचलं की ती बुरशी येते. तिला पावलं दिसत नाहीत, बाईची नाहीत आणि पुरुषाचीही नाहीत. हे सगळं अभिलाषाला ठाऊक होतं. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललेल्या बाईला मात्र या ठाऊक असण्याचा काडीचा उपयोग नव्हता.

पण ती खोटं बोलली होती का? तेही धड सांगता येत नव्हतं.

बब्बांबद्दल काही गोष्टी तिच्याजवळ पक्क्या होत्या. अंगणातल्या फुटक्या माठात तिच्यासाठी लावून दिलेली एक वेल. ती काठीला बांधायला गवताचं पातं, आणि उरलेल्या पात्याची तिच्या बोटात घातलेली अंगठी. ते पानाची पाठ अंगठ्याने चोळून बघत. "पान डोळ्यांनी नाही बघायचं, बिन्नू. डोळे फसवतात. अंगठ्याने बघ." ती सहा वर्षांची होती. तिचा अंगठा धरून ते पानावरून फिरवत आणि विचारत, "कोवळं की जून?" बरोबर सांगितलं तर तिच्या कानात हळूच म्हणत, "शाब्बास, पान पिकवणाऱ्या बरईची नात आहेस!"

बरेज्याच्या आतली आठवण मात्र अशी नव्हती. ती जवळ घ्यावी तितकी विस्कटायची. सकाळी लवकरची वेळ, बब्बांनी तिला उठवून इथवर आणलं. दारात त्यांनी तिच्या पाठीला मागून हात लावला आणि पुढे ढकललं. "जा. आत बोलायचं नाही हं." मग हिरवा उजेड, गारवा, आणि तिच्यापुढे चालणारे बब्बा. पांढरं धोतर, डोक्याला मुंडासं, तोंडावरून घेतलेला पंचा, खांद्यावर पाण्याचं मडकं. मडक्याच्या तोंडाशी आडवा पंजा धरून ते पाणी शिंपत होते आणि थेंब पानांवर टपटपत होते. निसरड्या सरीतून पडू नये म्हणून ती त्यांच्या टाचांकडे बघत चालली होती. डाव्या घोट्यावर पाच निळे ठिपके होते, एका ओळीत, बी पेरल्यासारखे.

पाठीवरचा हातही बब्बांचा आणि समोर चालणारी पाठही बब्बांचीच. हे कसं, हा प्रश्न तिला बारा-तेरा वर्षांची झाल्यावर पहिल्यांदा पडला. तिने वडिलांना विचारलं होतं, बब्बांच्या पायावर गोंदलेलं होतं का? वडील हसले होते. "वेडी की काय? पुरुष कधी घोट्यावर गोंदवून घेतो?"

आणि त्यानंतरचा तुकडा तर आणखीनच विचित्र. महुवाखालच्या दगडावर बब्बा बसलेले, डोकं उघडं, ती त्यांच्या मांडीवर. आणि ते विचारतायत, "आत कसं होतं? सांग मला." जो माणूस आत्ता आपल्यापुढे चालत होता तो हे का विचारतो? तेव्हा तिला वाटलं होतं, ही परीक्षा आहे. आपण काय उत्तर दिलं, ते मात्र पार पुसून गेलं होतं. त्यापुढे फक्त त्यांचा तळवा, डोक्यावर, जड.

त्यानंतर आठ दिवसांत बरेजा बसला. त्याच हिवाळ्यात बब्बा गेले. वडिलांची बदली झाली होती, आईवडील तिला घेऊन ग्वाल्हेरला आले. सगळं एकापाठोपाठ झालं आणि सहा वर्षांच्या मुलीने त्याची एकच माळ ओवली. आपण आत गेलो, म्हणून हे झालं. मोठेपणी तिने ती माळ कधी तोडली नाही, फक्त ती दिसणार नाही अशी ठेवली. आणि कुहू झाल्यावर झोपताना तिला ती गोष्ट सांगायला लागली, तेव्हा तिच्यातला बरेजा बसायचा भाग गाळून टाकला.

*

मागच्या अंगणातून पाण्याचा आवाज आला. जेवणानंतर कुहू दिसली नव्हती. अभिलाषा हातातलं थर्मामीटर तसंच घेऊन बाहेर गेली.

हातपंपाशी रामकली बुआ उकिडवी बसली होती आणि कुहूचे पाय परातीत घेऊन चोळत होती. सकाळचा चिखल वाळून घट्ट झाला होता. बुआचं बोलणं मुळातच कमी. सोळाव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत. तेव्हापासून या घराचं दळण, दूध आणि आजारपणं तिच्याकडे होती. सुना तिच्या पाया पडत, पण घरच्या मुलींनी वडीलधाऱ्यांच्या पायांना हात लावायचा नाही. त्यामुळे अभिलाषा कधी तिच्या पायांशी वाकली नव्हती.

"आत कसं होतं?" बुआ कुहूला विचारत होती. "सांग मला."

अभिलाषा दारातच थांबली. तेच शब्द, त्याच क्रमाने. इतकंच काय, 'मला'वर तोच जरासा जोर.

"हिरवं होतं," कुहू म्हणाली. "पण खाली नव्हतं हिरवं."

बुआचे हात थांबले. "खाली म्हणजे कुठे गं?"

"जिथून वेल निघते ना, तिथे. काळं काळं होतं. मी बोट लावलं तर मऊ लागलं. शी!"

"किती वेलींना?"

"खूप." कुहूने दोन्ही हात पसरले.

बुआने कुहूचे पाय परातीबाहेर ठेवले. मग तिने लुगड्याचे ओचे वर घेतले, परात कलती करून गढूळ पाणी ओतून दिलं, आणि ते पाणी तिच्याच पायांवरून वाहत गेलं. सुकलेला, सुरकुतलेला, शिरा वर आलेला पाय. डाव्या घोट्यावर पाच ठिपके. निळे आता हिरवट झालेले, पण एका ओळीत.

थर्मामीटर कधी हातातून सुटलं ते अभिलाषाला कळलं नाही. ते मातीत पडलं, फुटलं नाही.

"बुआ," ती म्हणाली. "हे कधी गोंदलंस?"

बुआने ओचे सोडले. मग, आता झाकून काय उपयोग म्हटल्यासारखे पुन्हा थोडे वर घेतले. "लग्नात. सासूने गोंदवले. पाच लेकरं होतील म्हणाली होती म्हातारी." ती किंचित हसली. "कुहू, जा बरं, काकीनानीकडून पाय पुसायला फडकं आण. धाव."

कुहू गेली.

"तू होतीस," अभिलाषा म्हणाली.

"दोन वर्षं बब्बांना काही दिसत नव्हतं," बुआ म्हणाली. परातीच्या कडेचा चिखल ती नखाने खरवडत होती. "काचबिंदू. कुणाला कळू दिलं नाही. घरापासून बरेज्यापर्यंत एकशे चाळीस पावलं, मोजून चालायचे. रामसेवक तेव्हा बाराही महिने बनारसला, पानांच्या आडतीवर. तुझा बाप मास्तर, सकाळी शाळेत. वेलींचं करणार कोण? मला म्हणाले, तू जा."

"पण रीत—"

"रीत त्यांचीच. मोडता येईना त्यांना. चार दिवस जेवले नाहीत धड. मग एका पहाटे स्वतःचं धोतर आणि मुंडासं माझ्या पुढ्यात टाकलं. म्हणाले, माझे कपडे आत जातील. कपड्यांना कोण अडवतो?" ती थांबली. "उजाडायच्या आत मी कपडे चढवायचे, ते दगडावर बसायचे. कुणी लांबून बघितलंच तर आत एक मुंडासं हललेलं दिसायचं. मी आत बोलले असते तर बाईचा आवाज गेला असता बाहेर."

"तुला येत होतं सगळं?"

"मला तुझ्यासारखाच माठ दिला होता लहानपणी." बुआने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "तुला काय वाटलं, तुझ्या एकटीचाच होता?"

अभिलाषा पंपाच्या ओट्यावर बसली. म्हणजे शपथ खोटी नव्हती. बब्बांनी तिला खरंच आत नेलं नव्हतं. ते उंबऱ्यापर्यंत आले, पाठीला हात लावला आणि मागेच राहिले. कुहूच्या डोक्यावरून काहीतरी उतरलं. पण त्याबरोबर बब्बांच्या खांद्यावरून मडकंही उतरलं, अंगावरून धोतर उतरलं, आणि त्या हिरव्या उजेडात समोर चालणारी पाठ एकाएकी ओळखीची राहिली नाही. चोवीस वर्षं ती ज्या पाठीला बब्बा म्हणत होती ती रोज या अंगणात भांडी घासत होती. हसावं की रडावं ते तिला समजेना.

"मग मला कशाला पाठवलं आत?"

बुआने परात पंपाखाली धरून विसळली.

"त्या साली सात दिवस पाऊस हलला नाही. तिसऱ्या ओळीपासून बुडं काळी पडायला लागली. मी त्यांना रोज सांगायचे, सगळं हिरवं आहे. म्हटलं, पाऊस थांबेल, मी उपटून टाकेन, राख घालेन, त्यांना कशाला सांगा? त्यांचं दुसरं होतं काय? पण माझ्या आवाजावर त्यांचा विश्वास बसेना. म्हणाले, उद्या पोरीला ने. पोर खोटं नाही बोलणार." तिने परात पालथी घातली. "मी मुद्दाम तुला चांगल्या ओळींतून फिरवलं. पण पोरांची नजर खालीच असते. बाहेर आल्यावर त्यांनी तुला मांडीवर घेतलं. मी आत होते, कपडे बदलत. ऐकू नाही आलं."

"आणि नंतर ते काही बोलले नाहीत?"

"कधीच नाही. मीही नाही विचारलं." बुआचा आवाज अगदी साधा होता, दुधाचा भाव विचारावा तसा. "काय सांगितलं होतंस गं तू त्यांना?"

अभिलाषाला वाटलं, हिरवं, असं म्हणून टाकावं. समोरच्या बाईने चोवीस वर्षं वाट बघितली होती. एका शब्दाचं काम होतं. पण आज एकदा तिने नीट न आठवणारी गोष्ट ठामपणे सांगितली होती.

"मला आठवत नाही, बुआ," ती म्हणाली. "खरंच नाही आठवत. त्यांचा हात तेवढा आठवतो."

बुआने मान हलवली. कुहू फडकं घेऊन आली. बुआने तिचे पाय कोरडे केले, बोटांच्या मधलं पाणीसुद्धा टिपलं, आणि उठली. गुडघे कडकड वाजले.

"चल," ती म्हणाली.

"कुठे?"

"मागे मी चूप बसले आणि बत्तीस ओळी गेल्या. आता या पोरीने बघितलंय."

*

बुआ पुढे चालत होती, अनवाणी. अभिलाषा कुहूचं बोट धरून मागे. नजर आपोआप त्या टाचांकडे जात होती, आणि चालता चालता तिच्या लक्षात आलं की आपण पावलं मोजतोय.

कक्का बरेज्याच्या दारात ताटीचा तुटलेला बंद बांधत बसले होते. शेजारी पाण्याचं मडकं. बहिणीला बघून ते उठले नाहीत.

"सरक, रामसेवक," बुआ म्हणाली.

कक्कांनी वर पाहिलं. तिच्या लुगड्याकडे, तिच्या पायांकडे, मग मागे उभ्या अभिलाषाकडे. अभिलाषाने कुहूला जवळ ओढलं. आता हा माणूस ओरडेल आणि काकी धावत येईल, तिला वाटलं. सकाळपासून जे टळलं ते सगळं आता होईल.

"तिसऱ्या ओळीपासून आहे, जिज्जी," कक्का म्हणाले. "चार दिवस झाले. म्हटलं, नागपंचमी होऊन जाऊ दे."

"सरीचं पाणी तोडलंस?"

"नाही."

"गाढवा! पूजा करून पाणी आटतं होय?"

कक्कांनी मडकं उचललं आणि उंबऱ्यावरून बाजूला घेतलं. बुआ थांबली. क्षणभर तिचा हात डोक्याकडे गेला, तिथे काहीतरी बांधलेलं असायला हवं होतं तसा. मग तिने पदर कमरेला खोचला आणि आडवा बांबू ओलांडला. कक्का तिच्यामागून गेले.

बाहेर दोघीच उरल्या.

"मम्मी, आपण नाही जायचं?"

"थांब जरा."

महुवाखालच्या दगडावर ती बसली. दगड मधे खोलगट झाला होता. कुहू तिच्या मांडीवर चढली आणि बराच वेळ रुसून असल्याचं विसरून गेली. इथून आतलं काही दिसत नव्हतं, नुसती गवताची भिंत. पण ऐकू येत होतं. कक्कांची पावलं चिखलात फतफत पडत होती. बुआची नाही, तिचा पाय सरीत सरळ सरकत होता. मुळासकट वेल उपटल्याचा आवाज आला. मग दुसरी. बुआ काहीतरी बोलली, त्या छपराखाली मोठ्याने, आणि कक्का हो हो म्हणाले.

वारा फिरला. भिंतीतून येणाऱ्या पेंडीच्या वासाखालून आणखी एक वास वर आला. ओशट, शिळ्या मासळीसारखा.

"मम्मी, घाण वास येतोय."

"हो."

बुडं कुजल्याचा हा वास. पुस्तकात तो एका वाक्यात दिलेला होता. ज्याला दिसत नाही, जो रोज पहाटे या दगडावर बसतो, ज्याचा अंगठासुद्धा पान वाचतो, त्या बब्बांना तो चार दिवस आधी आला असणार. सात दिवस आधी. पोरीला मांडीवर घेऊन विचारायच्या कितीतरी आधी.

मग त्यांनी विचारलं का?

अभिलाषाने कुहूच्या डोक्यावर हात ठेवला, मग काढून घेतला, मग पुन्हा ठेवला. कुहूला त्याचं काही नव्हतं. तिला गवताचं एक पातं सापडलं होतं आणि ती ते स्वतःच्या बोटाला गुंडाळायच्या खटपटीत होती.

बुआ बाहेर आली, तेव्हा तिचे पाय पोटऱ्यांपर्यंत काळे झाले होते. घोट्यावरचे ठिपके दिसत नव्हते. दोन्ही हातांत उपटलेल्या वेली होत्या, त्या तिने लांब टाकल्या आणि हात मातीला पुसले.

दगडावर थोडं सरकून अभिलाषाने जागा केली.

"ये, बस," ती म्हणाली. "आत कसं होतं? सांग मला."